आक्काला अठ्ठावीस गुण

पगारे बाईंचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता, पण भुताने नियम मोडलेला त्यांना मुळीच खपत नसे. "भूत नसतं, हे मी मुलांना शिकवते. पण एकदा आहे म्हटलं ना, की मग त्याने नीट वागायचं," असं त्या भर स्टाफरूममध्ये बजावत. आवाज असा, की समोर आठवी ब चा वर्ग बसलाय असं वाटावं.

पंचवटीतल्या आमच्या शाळेत त्या गणित आणि विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. शहाऐंशीच्या सुमाराला रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका लागे. वारलेली थोरली जाऊ घर सोडायला तयार नाही आणि ती फक्त धाकटीलाच दिसते, अशी ती गोष्ट. मालिकेचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे तिला 'आक्काची मालिका' म्हणत. सोमवारी मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आत कुणीतरी विचारायचंच, "बाई, काल किती?" मग बाई पाठाच्या टाचणाची वही काढत. तिच्या मागच्या पानांवर लाल शाईने प्रत्येक भागाचे शंभरपैकी गुण लिहिलेले असत.

"एकसष्ट," त्या सांगत. "आक्काला साधा कप उचलता येत नाही, हे दुसऱ्या भागातच ठरलंय. मग काल तिने पदर कसा ओढला? चार गुण कापले." सगळे माना डोलवत आणि मगच डबे उघडत.

आणि मी? मराठी घेऊन एम.ए. झालेला, कथेवर तासभर सलग बोलू शकणारा माणूस कोपऱ्यात पोळीभाजी चिवडत बसायचो. खोटं कशाला बोलू, पोटात दुखायचं. बीजगणित शिकवणाऱ्या बाईंना गोष्टीतलं काय कळतं, असं मला वाटे. आणि त्यांना कळतं हे दर सोमवारी दिसे, म्हणून जास्तच दुखे. कहर माझ्या बायकोचा. ती माझ्याच शेजारी बसून भाग बघायची आणि सोमवारी मी चपला काढायच्या आत विचारायची, "पगारे बाई काय म्हणाल्या?"

"अगं, मला काय वाटलं ते विचार की!"

"तुम्हाला काय, सगळ्यातच कारुण्य दिसतं," असं म्हणून ती चहा टाकायला जायची.

बाईंना माझ्या जळफळाटाचा पत्ताही नव्हता. "सर, तुम्ही गप्प का? तुमचं मत ऐकायचंय," असं त्या अधूनमधून म्हणत. त्या मला डिवचतायत असंच मला वाटे. "भूतकथा मी फारशा गांभीर्याने घेत नाही," असं मी तुटकपणे सांगे. एकही भाग न चुकवता.

मालिका इतकी गाजली, की तिला शेवटचे म्हणून आणखी तेरा भाग मिळाले. त्या तेरा भागांत आक्काचं ताळतंत्रच सुटलं. ती दारं उघडू लागली, ट्रंका सरकवू लागली, आणि अगदी शेवटच्या भागात तिने दुष्ट दिराच्या फाडकन थोबाडीत मारली. घरोघर टाळ्या पडल्या. माझ्या तोंडून मात्र "छे!" निघून गेलं. ज्या बाईला कप उचलता येत नाही, तिची असहायता हीच तर सगळी गोष्ट होती.

सोमवारी बाईंनी वही उघडली. "शेवटच्या तेरा भागांना मिळून शंभरपैकी अठ्ठावीस. नापास."

स्टाफरूममध्ये गदारोळ उठला. "बाई, काहीतरीच काय! किती छान मारली!" पहिल्यांदाच सगळे त्यांच्या विरोधात गेले होते. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी डब्यात मान घातली आणि मनातून मला आनंद झाला.

त्याच संध्याकाळी मी लेख लिहायला बसलो. दडपलेल्या स्त्रीचा हात अखेर उठला, तर्काचे हिशेब मांडणाऱ्यांना हे सौंदर्य दिसायचं नाही, वगैरे वगैरे. एका दैनिकाच्या पुरवणीत तो छापूनही आला. शाळेत माझं कौतुक झालं. बायको तेवढी म्हणाली, "त्या दिवशी तुम्हीच ना 'छे' म्हणालात?"

सोमवारी पगारे बाईंनी स्वतः ते कात्रण आणून फलकावर लावलं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "सर, खरंच आवडला तुम्हाला शेवट?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी वही काढली, अठ्ठावीसवर काट मारली. "बोर्डाचे पेपर तपासताना मॉडरेटरने गुण बदलले, की आम्ही वाद घालत नाही. गोष्ट तुम्हाला कळते, सर. माझंच काहीतरी चुकलं असणार."

त्यानंतर बाईंनी कुठल्याच मालिकेला गुण दिले नाहीत. कुणी विचारलंच तर "सरांना विचारा" म्हणायच्या. लोक मला विचारू लागले. मी बोलायचो, आणि लोक ऐकता ऐकता डबा खायचे.

दोन वर्षांनी संस्थेच्या घोटीच्या शाळेत त्यांची बदली झाली. निरोप समारंभाची भाषणं संपल्यावर मी त्यांना फाटकापाशी गाठलं आणि सांगून टाकलं, "बाई, तो शेवट मलाही पटला नव्हता."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग 'हो' का म्हणालात?"

"तुम्हाला सगळे विचारायचे. मला कुणी विचारत नव्हतं."

"मी विचारत होते की, सर." निरोपाचा नारळ त्यांनी पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी सगळे अंगावर आले, तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. नुसती मान हलवली असती ना, तरी पुरलं असतं मला."

वर्षभराने घोटीहून आलेल्या एका शिक्षकाने सहज सांगितलं, की त्यांच्याकडे नवीन आलेल्या पगारे बाई दर सोमवारी टीव्हीवरच्या गोष्टींना गुण देतात आणि त्याशिवाय तिथे कुणी डबा उघडत नाही. ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण आधी हेवाच वाटला. या वेळी बाईंचा नव्हे, त्या स्टाफरूममधल्या लोकांचा.