ऐकू न येणाऱ्या माणसाला मारलेली हाक

चार वर्षं मी बिरोबाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आमच्यासारख्या घरात हे कबूल करणंसुद्धा जड जातं. सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या अंगाला आमचं गाव, आणि पिढ्यानपिढ्या मेंढरं राखणारं आमचं घर. सकाळी कळप सोडताना वडील मोठ्यानं ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’ म्हणायचे आणि मगच पाऊल उचलायचे. मी चार बुकं शिकलो, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जखमा धुणारा-बांधणारा ड्रेसर म्हणून लागलो, तरी ते नाव सुटलं नव्हतं. सुटलं ते बायकोच्या आजारपणात. तिला मेंदूज्वर झाला. अकरा दिवस ती शुद्धीवर नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी देवाला म्हणालो, हिला वाचव, जन्मभर तुझा होऊन राहीन. ती वाचली. पण उठली तेव्हा दोन्ही कान गेले होते. आमची मुलगी सुमन उशाशी बसून ‘माय, माय’ करत होती, आणि ती नुसती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा माझ्या मनात आलं, देवानं मला अर्धंच दिलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी अबोला धरला.

बायकोचं तसं झालं नाही. सहा महिन्यांत ती समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायला शिकली. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे जरा मोठ्यानं बोलायची, एवढंच. देवपूजा पहिल्यासारखीच चालू होती. मीही शेजारी उभा राहायचो, पण रिकामा. माझं मन म्हणायचं, आपलं आपण बघायला समर्थ आहोत. आणि खोटं कशाला सांगू, मी होतोच तसा माणूस. अडलेली गाय सोडवणं असो की अंधारात पायवाट काढणं असो, मला माझ्या हातापायांचा भरवसा होता.

मी निवृत्त झालो त्या वर्षी सुमननं आमच्या दोघांची नावं एका सहलीत घातली. परभणीच्या एक ताई दरवर्षी असे गट घेऊन जायच्या. तेव्हा त्या दक्षिणेकडच्या घाटातलं बारमाही पावसाचं जंगल दाखवणार होत्या. मुक्काम जंगलातल्याच एका लॉजवर होता. लॉज म्हटलं की आम्हाला बसस्टँडसमोरच्या खोल्या माहीत. त्यामुळे बायको मला म्हणाली, “जंगलात लॉज कोण बांधून राहिलं? तिथं उतरायला कोण, वाघ?” सोयाबीन घरात आलं, दिवाळी झाली, आणि आम्ही चौदा जण निघालो.

ते जंगल आमच्या मुलखाहून निराळंच. आमच्याकडं माळरानावर उभं राहिलं की चार गावं दिसतात, इथं चार हातांपलीकडचं दिसेना. झाडांचे बुंधे असे की पाच माणसांनी हात धरले तरी कवेत यायचे नाहीत. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि पाऊस थांबला तरी पानांवरून तासभर पाणी गळतच राहायचं. लॉज म्हणजे खांबांवर उभारलेल्या लाकडी खोल्या होत्या. आमचा वाटाड्या सोमण्णा तिथलाच, साठीच्या आसपासचा, बारीक अंगाचा, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांच्या पायांना तंबाखूचं पाणी लावलं, जळवा चढू नयेत म्हणून. मग सांगितलं, “लाइन मत छोड़ना. जंगल में आदमी दस कदम में गुम होता है.” हे मी बायकोला तिच्यासमोर उभा राहून, ओठ नीट हलवून सांगितलं. तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओळीनं निघालो. बायको माझ्या मागं होती. वाटेवर एक लेंडी दिसली, सोमण्णानं विचारलं ती कुणाची, आणि मी बरोबर ओळखली, सांबराची. तो खूश झाला आणि त्यानं मला पुढं बोलावलं. मग मी पुढंच राहिलो. जनावर कोणतं, काय खाऊन गेलं, किती वेळापूर्वी गेलं, सगळ्यांना सांगत सुटलो. चौदा माणसांत आपल्याला मान मिळतोय याची गोडी लागली होती. मागं वळून बघायचं राहून गेलं.

तेवढ्यात धुकं उतरलं, आणि समोरच्या बांबूत काहीतरी कडाडलं. सोमण्णानं हात वर केला. “हाथी,” एवढंच तो दबक्या आवाजात म्हणाला आणि आम्हाला वाटेवरून डावीकडं, उतारानं ओढ्याकडं घेऊन गेला. कुणी बोललं नाही. ओढा ओलांडून पलीकडच्या मोठ्या खडकावर पोहोचल्यावर ताईंनी माणसं मोजली. तेरा भरली.

माझी बायको नव्हती. मागं तिच्याजवळ चालणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, “त्या फुलं वेचायला वाकल्या होत्या. मला वाटलं येतील मागून.” धुक्यात आम्ही वळलो ते पुढच्याच्या पावलांच्या आवाजावरून वळलो होतो. तिला ना आमची पावलं ऐकू आली असतील, ना हत्तीनं मोडलेला बांबू. तिनं वर बघितलं असेल तेव्हा धुक्यात वाट मोकळी असेल.

मी धावतच निघालो होतो. सोमण्णानं माझा दंड धरला. त्याच्या हाताला इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. “तुम जाएगा तो दो आदमी ढूँढना पड़ेगा,” तो म्हणाला. त्यानं आपल्या जोडीदाराबरोबर बाकीच्यांना लॉजवर धाडलं. तो स्वतः वाटेवर शोधायला जाणार होता. मला म्हणाला, “इधर पत्थर पर खड़ा रहो. आवाज देते रहो. हाथी बाजू होगा, औरत आवाज के पास आएगा.”

“उसको सुनाई नहीं देता,” मी म्हणालो. सकाळपासून मोठ्यानं बोलणारा माझा आवाज कुठंतरी आत गेला होता.

तो थबकला. मग म्हणाला, “फिर भी बुलाओ.” आणि धुक्यात शिरला.

खडकावर मी आणि ताई उरलो. हाक मारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, काय म्हणून हाक मारू? आमच्या पिढीत बायकोला नावानं कोण बोलावतं! चाळीस वर्षं मी तिला ‘अगं’ म्हणालो, नाहीतर ‘सुमनची माय’. कान गेल्यापासून तर खांद्याला हात लावून बोलवायची सवय झाली होती. तिचं नाव घशापर्यंत आलं आणि परक्यासारखं अडकलं. लहानपणी पावसाच्या झडीत कळपांची ताटातूट झाली की माळावरून वडील एकच आरोळी ठोकायचे, दुसऱ्या बाजूनं चुलते तीच आरोळी परत द्यायचे, आणि तिच्यावरून माणसं आणि मेंढरं एकत्र यायची. माझ्या गळ्याला लांब जाणारी तेवढी एकच हाक ठाऊक होती. ती आपोआप निघाली.

“बिरोबाच्या नावानं चांगभलं!”

पहिल्यांदा त्यात भक्ती नव्हती. राग होता. कान नेलेस, आता माणूसही नेतोस का, असं भांडण होतं त्या आरोळीत. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तसंच. पण आरोळी मारायची, मग थांबून ऐकायचं, असं तास-दीड तास चालल्यावर भांडायला माझ्याजवळ काही उरलं नाही. मला दिसायला लागलं की चार वर्षं मी देवाला ज्याचा दोष देत होतो, ते आज मी स्वतः केलं होतं. तिचे कान म्हणून मी तिच्याजवळ असायला हवं होतं, आणि मी पुढं जाऊन लेंड्या ओळखत बसलो होतो. तिथं मी देवाला कसलं वचन दिलं नाही, काही मागितलं नाही. मागायचं तोंडच नव्हतं. नुसतं नाव घेत राहिलो. ते ती ऐकणार नाही हे माहीत होतं. तो ऐकतो की नाही हे माहीत नव्हतं. तरी घेत राहिलो. आणि विश्वास ठेवा, मन अगदी शांत झालं. आता जे होईल ते माझ्या हातातलं नाही, हे त्या खडकावर मला आयुष्यात पहिल्यांदा नीट कळलं, आणि त्याची भीती वाटली नाही.

माझा आवाज फाटला. तेव्हा ताई उभ्या राहिल्या. त्यांना बिरोबा कोण हेही नीट ठाऊक नसावं. पण त्यांनी पदर खोचला आणि माझ्यामागून ‘चांगभलं!’ म्हणून ओरडायला लागल्या. मी चिरक्या आवाजात पहिला अर्धा भाग म्हणायचा, त्यांनी उरलेला.

पाऊस पुन्हा सुरू झाला, आणि ओढ्याच्या पलीकडची झुडपं हलली. एक म्हातारी बाहेर आली. पाठीवर टोपलं, कमरेला कोयता, पाय अनवाणी. तिच्या हातात माझ्या बायकोचा हात होता.

मी पाण्यात कसा उतरलो आठवत नाही. बायकोच्या लुगड्याचा काठ फाटला होता, घोट्याला जळवा लागून रक्त आलं होतं. माझ्या तोंडाकडं बघून ती नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, “काहून रडून राहिले? मी हाये की!” मग म्हणाली, “वाट दिसंना. म्हणून झाडाच्या मुळीत बसून राहिले. म्हटलं, येतीलच तुमी.”

सोमण्णा आल्यावर त्यानं त्या म्हातारीशी त्यांच्या भाषेत बोलून आम्हाला सगळं सांगितलं. ती डोंगरावरच्या पाड्यातली होती, शिकेकाई गोळा करून घरी निघाली होती. खालून ओरडणं ऐकू आलं. शब्द कळेनात, पण कुणीतरी अडचणीत आहे एवढं कळलं, म्हणून घराची वाट सोडून ती माझ्या आवाजाच्या दिशेनं सरळ उतार उतरत आली. उतारावर एका जुन्या झाडाच्या मुळांच्या पोकळीत, नेच्यांच्या आड, तिला दोन पाय दिसले. सोमण्णा त्याच झाडाच्या वरच्या वाटेनं दोनदा जाऊन आला होता. वरून काही दिसत नव्हतं.

म्हणजे माझी हाक जिच्यासाठी होती तिला ती पोहोचलीच नाही. पोहोचली दुसरीलाच, आणि ती माझ्याकडं यायला निघाली तेव्हा मध्ये माझी बायको होती. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कुणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालत नाही.

माझ्या खांद्यावर घरच्या लोकरीची घोंगडी होती. ती मी म्हातारीच्या अंगावर घातली आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती संकोचून हसली, बायकोच्या गालावरून हात फिरवला, आणि टोपलं सावरून चढायला लागली.

परतीच्या गाडीत, खिडकीशी समोरासमोर बसलेलो असताना, मी बायकोला सगळं सांगायचं ठरवलं. ओठ सावकाश हलवत म्हणालो, “चार वर्षं झाली, म्या त्याचं नाव घेतलं न्हवतं. तुझे कान गेले तवापासून.”

तिनं माझ्याकडं बघितलं, जसं काही मी तिला शिळी बातमी सांगत होतो.

“ठावं हाये मला,” ती म्हणाली. “आरतीला तुमचे ओठ हलत न्हवते.”

तिच्या मोठ्या आवाजानं डब्यातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली. मी विचारलं, “मग बोलली काहून न्हाई?”

“तुमचं अन् त्याचं भांडण. मी कशाला मधी पडू?” खिडकीबाहेर ज्वारीची रानं पळत होती, तिकडं बघत ती म्हणाली, “तुमच्या वाटचं मी म्हणत होते की रोज. एकदा माझं, एकदा तुमचं.”

 मी तिच्या पायाशी गेलेली पिशवी उचलून बाकावर ठेवली आणि तिचा हात धरून बसलो. मी अबोला धरला होता, तरी माझ्या वाटची हाक चार वर्षं रोज जात होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. देवानं अर्धंच दिलं असं मी समजत होतो. उरलेलं अर्धं माझ्या शेजारी उभं राहून आरती म्हणत होतं. आज मी नाव घेतो तेव्हा कशासाठी म्हणून घेत नाही. दोनदा घेतो. एकदा माझं, आणि एकदा, तिनं स्वतः म्हणून झालेलं असलं तरीही, तिच्या वाटचं.