बबनभाऊंच्या फोनातली जर्मनी

लेथखाली लोखंडाचा चुरा साचतो, तसे आमच्या मेंटेनन्समध्ये किस्से साचतात. संध्याकाळी झाडून घ्या, सकाळी पुन्हा ढीग! त्यात आमच्या चाकणच्या कंपनीनं नवं मशीन घ्यायचं ठरवलं आणि त्याची ट्रायल बघायला दोघांना जर्मनीला पाठवायचं ठरलं. मग तर विचारूच नका.

दोघं म्हणजे सागर आणि बबनभाऊ. सागर लातूरचा, तळेगावात भाड्यानं राहतो. बबनभाऊ इथलेच, शेजारच्या गावचे. घरी कांदा, कंपनीत पाना. मी एकदा जर्मनीला जाऊन आलेलो, म्हणून दोघांच्या फोनात प्रवासाची अ‍ॅप्स भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

अडचण एकच होती. भाऊंच्या आई, आक्का. भाऊ त्यांचा एकुलता एक. "जायाचं तर जा बाबा. पर तू डोळ्याआड झाल्यावर माझ्या नरड्याखाली घास उतरायचा न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी पहिल्यांदा भाऊंचं नाव घेतलं होतं, आणि भाऊ मला म्हणाले, "माझं नाव काढाया सांग राव. म्हातारी उपाशी बसायची."

मोठ्या मुश्किलीनं मी त्यांना थांबवलं.

*

पहिलं अ‍ॅप भाषांतराचं. आमचा कायदा आहे, ट्रायल घेतल्याशिवाय काहीही लाइनला घ्यायचं नाही. म्हणून ट्रायल कॅन्टीनमध्ये! सागरनं फोन तोंडाशी धरून विचारलं, "मला आणखी एक पापड मिळेल का?" फोन गोड आवाजात जर्मन बोलला.

वाढणाऱ्या मावशींनी डाव तसाच धरून सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कंच्याबी भाषेत मागा," त्या म्हणाल्या, "पापड एकच!"

*

मग नकाशा. इंटरनेट नसतानाही चालणारा. त्याची ट्रायल कंपनीच्या गेटपासून भाऊंच्या घरापर्यंत घ्यायची ठरली. भाऊ गाडी चालवणार, मी मागे फोन धरून बसणार.

"भाऊ, रस्ता तुम्हाला पाठ आहे. मग ट्रायल कसली?"

"आज मला कायबी ठावं न्हाई. मी परदेशात हाय," भाऊ म्हणाले. नकाशातली बाई डावीकडे म्हणाली की डावीकडे, उजवीकडे म्हणाली की उजवीकडे. एका चुलत्याच्या गोठ्यासमोरून आणि दोनदा त्याच पिठाच्या गिरणीवरून आम्ही गेलो. शेवटी भाऊंना शंका आली. फाट्यावर गाडी थांबवून त्यांनी टपरीवाल्याला विचारलं, "बबनरावांचं घर कुठं आलं हो?"

टपरीवाला त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं भाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राव, उन्हाचं कशाला हिंडवताय ह्याला? घरी न्या की!"

*

हवामानाच्या अ‍ॅपचं तर भाऊंना वेडच लागलं. रोज सकाळी पंचिंग करताना बातमी ठरलेली. "आज तिकडं ढग हाय." "आज तिकडं गारठा हाय." साहेबसुद्धा विचारायला लागले. एकदा दुपारी भाऊंनी मोठ्या काळजीनं सांगितलं, "संध्याकाळी तिकडं पाऊस. छत्री घ्यायलाच लागती."

संध्याकाळी पाऊस आला. चाकणला! भाऊंच्या अंगणात पसरलेला कांदा निम्मा भिजला.

भाऊंच्या बायको, सुनीता वहिनी, ओल्या कांद्याच्या ढिगापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "जर्मनीला छत्री न्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "हितं ताडपत्री कुणी टाकायची?"

*

विमान कंपनीच्या अ‍ॅपवर बोर्डिंग पास आला. भाऊंनी तो उलटसुलट पाहिला.

"ह्याच्यावर सही कुठाय?"

"सही लागत नाही, भाऊ."

"सहीबिगर गेटपास? सिक्युरिटी सोडंल व्हय?"

आमच्या कंपनीतून सही-शिक्क्याशिवाय साधा नटसुद्धा बाहेर जात नाही, त्यामुळे माणसाचं म्हणणं चूक नव्हतं. भाऊंनी त्याची प्रिंट काढून घेतली, साहेबांची सही घेतली आणि वरून एक शिक्काही मारून आणला. मुंबईच्या विमानतळावर काय झालं ते सागरनं विमानात बसायच्या आधी फोन करून सांगितलं. दारावरच्या जवानानं प्रिंट उजेडात धरली.

"ये ठप्पा किसका है?"

भाऊ ताठ उभे राहिले. "क्वालिटी का है साहब. माल पास है!"

*

त्याच दिवशी दुपारी सुनीता वहिनींनी शेजारणीच्या फोनवरून मला बोलावून घेतलं. "भावोजी, असाल तसे या. आक्का जेवंनात, आन् माझ्या फोनाला हात लावू देईनात."

वहिनींच्या फोनात मी विमान दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं. आक्कांना मुलगा कुठवर गेला ते दिसावं म्हणून. जाऊन पाहतो तर देवासमोर पाट, पाटावर घडी घातलेली गोधडी, गोधडीवर फोन. फोनात निळा समुद्र आणि त्यावर पिवळं विमान. आक्का समोर मांडी घालून बसलेल्या. बाजूला झाकलेलं ताट. मला फार वाईट वाटलं.

बॅटरी लाल झाली होती. "आक्का, चार्जिंगला लावायला पाहिजे. नाहीतर बंद पडेल."

"बंद पडंल?" आक्कांचा चेहरा उतरला. "मग लाव बाबा."

मी एका हातानं फोन उचलला. तसं त्यांनी माझं मनगटच धरलं.

"तिरका करू नगंस! रातभर जागा हाय, आत्ताशी निजला आसंल."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी डिप्लोमा केलेला माणूस. दोन्ही हातांनी फोन सपाट धरला आणि श्वास रोखून एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरातल्या प्लगकडे निघालो.

"सावकाश," आक्का मागून आल्या. "उंबरा हाय."

उंबरा ओलांडला. ओट्यावर वहिनींनी घाईनं गोधडी अंथरली, तिच्यावर फोन ठेवला, वायर लावली. आक्का वाकून बराच वेळ बघत राहिल्या. विमान सरळ चाललं होतं.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सुनीता, वाढ आता. न्हाई उठला."