घाटात शोधलेला आकडा

थोरल्या भावाच्या हृदयात मिरजेला स्टेंट बसला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मी साताऱ्याच्या घाटातल्या शर्यतीला नाव दिलं. घरात याचा अर्थ एकच निघाला: धाकट्याचं डोकं तपासून घ्यायला हवं.

"उसाच्या बांधावर चार पावलं चाललात तर धाप लागते," बायको म्हणाली. "आणि घाट पळणार?"

"म्हणूनच पळणार."

बोललो ताठ मानेनं, पण आतून घाबरलेलो होतो. आम्ही एकाच आईबापाचे. दादाच्या छातीत झालं ते माझ्या छातीत कधी होणार, हा विचार जिना चढतानाही यायचा. आपल्या काळजाला किती पेलतं, ते मला एकदा समोरासमोर पाहायचं होतं.

मुलीनं ठोके मोजणारं घड्याळ आणून दिलं. दोनशेवीसमधून वय वजा केलं की कमाल ठोके मिळतात म्हणे. अडलं ते वयापाशी. दाखल्यावर माझा जन्म एक जूनचा. आमच्या वयाच्या निम्म्या गावाचा तोच. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की गुरुजी पोराला पहिलीत घ्यायचे आणि अंदाजानं एक जून लावून टाकायचे. माझे हात पहिल्यापासून लांब.

"तू नवरात्रातला. गुरुजींनी वरीसभर मोठा केला तुला," आई म्हणाली.

आत्यानं फोनवरून सांगितलं, "न्हाई, दिवाळीतला. मी आलेवते की बाळंतपणाला!"

दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, एका ठोक्यासाठी एवढी पंचायत?"

फौजेतून निवृत्त झालेला मेव्हणा मिशीत हसत होता. "दाजी, आमी कवा ठोके मोजले न्हाईत. तोंडाला फेस येईस्तोवर पळायचं."

"फेस पुसायला मी येणार नाही," बायको म्हणाली. "आधी मिरज, मग घाट."

मिरजेला दादाच्याच डॉक्टरांनी छातीला वायरी चिकटवून मला पळत्या पट्ट्यावर चढवलं. उतरलो तेव्हा मी घामानं निथळत होतो, पण कागदावरच्या रेघा शहाण्यासारख्या वागल्या होत्या. काळीज ताण सोसतंय, डॉक्टर म्हणाले. वजाबाकीचा आकडा मात्र सरासरीचा; माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. स्वतःचा खरा आकडा हवा असेल तर अंग नीट तापवून, कुणाला तरी सोबत घेऊन चढावर पळा. छातीत दाटलं किंवा चक्कर आली की त्या क्षणी थांबा. एरवी बोलता येईल एवढ्याच वेगानं पळा. जोर आठवड्यातून एखादाच दिवस.

"बोलता येईल एवढंच?" बायको म्हणाली. "मग हे काश्मीरपर्यंत जातील."

काही आठवडे मी तसाच बडबडत पळालो. मेव्हण्यानं कंटाळून कानात बोळे घातले. मग एका रविवारी घाट गाठला. दादा हट्टानं आला आणि वळणावरच्या कठड्यावर बसला. सावकाश पळून अंग तापवलं. मग तोच चढ तीनदा, दर खेपेला थोडा जोर वाढवत. मधे चालत खाली. शेवटच्या खेपेला मात्र काही राखून ठेवलं नाही. मांड्या पेटल्या, कानात घण वाजायला लागले. तोंडातून शब्द फुटेना, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. छातीकडे सारखं ध्यान होतं. ती भात्यासारखी चालली होती, पण दुखत नव्हती.

घड्याळात एकशे शहात्तर. गुरुजी, आई आणि आत्या, तिघांच्याही हिशेबापेक्षा वर.

"दाजी, आजून एक काढा," मेव्हणा ओरडला. "आकडा वाढतोय बगा!"

मोह झाला. पण डोळ्यांपुढे जरासं गरगरल्यासारखं वाटलं.

"बास," मी म्हणालो.

"आवं, फौजेत असं..."

"तुमी फौजेत हुता, पाव्हणं. ह्यो घरात ऱ्हातोय," दादा म्हणाला आणि काठी टेकत उठला. "चल रं, चालत जाऊ."

त्यालाही रोज चालायला सांगितलं होतं. आजवर काही ना काही निमित्त काढून तो टाळायचा. आम्ही दोघं घाट उतरायला लागलो. श्वास जागेवर येताच मी बायकोला फोन लावला.

"एकशे शहात्तर!"

"आकडा राहू दे. छातीत कसं वाटतंय?"

"काही नाही. जरा गरगरलं तसा लगेच थांबलो. आता भूक लागलीय."

"मग पुढच्या रविवारी मीही येते," ती म्हणाली. "कोण कुठं थांबतं ते मला बघायचंय."