तामांदानीने साहेबांना मान दिला, त्याची गोष्ट

झांबियातल्या लुसाकाच्या एका मोठ्या इस्पितळात तामांदानी न्झिमा कित्येक वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होती. म्हणजे काही बिघडलं की तिचं नाव निघायचं, आणि नीट चाललं की साहेबांचं. साहेब म्हणजे बा चिसांगा ('बा' हे तिथलं 'राव'), जमातीने बेंबा; ती अंगोनी. या दोन जमाती पणजोबांच्या काळात एकमेकींशी लढल्या आणि तेव्हापासून एकमेकींना वाट्टेल ते बोलायचा हक्क राखून आहेत: अंगोनींनी बेंबांना माकडखाऊ म्हणायचं, बेंबांनी अंगोनींना उंदीरखाऊ. कुणी रागवायचं नाही, एवढाच नियम. तो मयताच्या घरीसुद्धा पाळतात, मग ऑफिसची काय कथा!

इस्पितळ आता रक्तालघवीचे अहवाल रोग्यांना घरबसल्या फोनवर देणार होतं. उद्घाटनाला मंत्री फीत कापायला येणार होते. संकेतस्थळाला फीत कुठे बांधायची, यावर दोन बैठका झडल्या. सुरक्षेवर एकही नाही.

उद्घाटनाला तीन आठवडे असताना तामांदानीला भोक सापडलं. बाहेरून येणारी प्रत्येक मागणी आधी दारावरचा प्रॉक्सी घेतो आणि आतल्या सर्व्हरकडे धाडतो. मागणी कुठे संपली हे दोन प्रकारे सांगता येतं: वर लांबी लिहून, नाहीतर शेवटी खूण करून. एखाद्या लबाडाने दोन्ही लिहिलं, की प्रॉक्सी लांबी मानायचा आणि सर्व्हर खूण. खुणेनंतर उरलेलं शेपूट आत तसंच पडून राहायचं आणि मागून येणाऱ्या भलत्याच माणसाच्या मागणीला पुढून चिकटायचं. तिने चाचणीच्या नकलेवर करून पाहिलं. एकाचा अहवाल दुसऱ्याच्या खात्यात येऊन पडला. कुणाच्या रक्तात काय निघालं हे शेजारणीला कळलं तर इथे घरं मोडतात.

ती तडक साहेबांकडे गेली. "अहो माकडखाऊ, तुमच्या दाराला भोक आहे! अख्ख्या लुसाकाचे अहवाल रस्त्यावर येतील."

"भोक दिसलं की तुम्हा अंगोनींना उंदीरच आठवणार," साहेब खुर्चीत रेलून हसले. "खणून काढ आणि भाजून खा."

"खरंच सांगतेय! प्रॉक्सी नवा टाकायचा, मग सगळं पुन्हा तपासायचं. उद्घाटन पुढे ढकला. सही करा इथे."

"लढाईत हरलेल्यांना मी सही देत नाही."

तिने कागदावर आकृती काढून दाखवली. साहेबांनी ती 'अंगोनी चित्रकला' म्हणून भिंतीवर लावली. तिने ईमेल पाठवला. त्यांनी हसरे चेहरे जोडून तो सगळ्या विभागांना धाडला. दुपारी मक्याच्या पिठाचा शिमा खाताना तिने पुन्हा विषय काढला, तर त्यांनी तिच्या ताटाकडे बोट दाखवून विचारलं, "शेपटी कुठे गेली?" सगळी पंगत खदाखदा हसली. असं नऊ वेळा झालं.

उद्घाटनाआधीच्या शुक्रवारी ती कमरेला चितेंगेचं रंगीत कापड गुंडाळून साहेबांच्या खोलीत आली. गुडघे टेकले, नजर खाली केली, थोरांपुढे वाजवतात तशा हलकेच टाळ्या वाजवल्या. "साहेब, आपली परवानगी असेल तर एक विनंती होती."

बा चिसांगांचं हसू मावळलं. "कोण गेलं गं?"

"कुणी नाही, साहेब."

"मग अशी का बोलतेस? माझं काय चुकलं?"

तिने तेच सगळं सांगितलं, त्याच क्रमाने, फक्त 'आपण' लावून. साहेबांना घाम फुटला. त्यांनी तिच्या ईमेलची ओळ न् ओळ वाचली आणि स्वतः मंत्रालयाला फोन लावला. उद्घाटन दोन आठवडे पुढे गेलं. प्रॉक्सी बदलला, भोक बुजलं, आणि कुणाचाही अहवाल कुणा भलत्याच्या घरी गेला नाही.

त्यानंतरच्या बुधवारी तामांदानीच्या टेबलावर एक पाकीट आलं. 'अत्यंत गंभीर त्रुटी गांभीर्याने न कळवता तीन आठवडे थट्टेवारी नेल्याबद्दल आपणांस लेखी समज देण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही होती, शिक्क्यासकट.

तिला फार लागलं. तिने डोळे पुसले आणि पोच दिली. साहेबांनी तिच्या कामाची लेखी दखल घेतली ती ही पहिलीच.