माठाजवळचं ओगराळं

कौसल्याताई गेल्याचं मला रामदासपेठेतल्या दवाखान्यात कळलं, रक्तदाब मोजून घेताना. डॉक्टर म्हणाले, "वाढलाय." वाढणारच होता...

एकाहत्तर साली आमचं पथक नागपूरहून बंगाली निर्वासितांच्या छावणीत गेलं. ताई परिचारिका, मी सामान सांभाळणारा कारकून. छावणीत पटकी शिरली होती. टाकीचं पाणी औषध घालून शुद्ध केलेलं, पण तंबूतल्या माठांत हात बुडत आणि रोग तिथून पसरे. ताईंनी डालड्याच्या रिकाम्या डब्यांना बांबूचे दांडे ठोकून ओगराळी करवली आणि वाटत निघाल्या, "पानी इससेच निकालने का. मटके में हाथ नहीं डालने का." हरिपद नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची नात पटकीनंच आजारी होती. तरी त्यानं ओगराळं परत केलं. "यहाँ भी हमारे हाथ से पानी खराब होता है?" गावात त्याच्या जातीला विहिरीवर चढू देत नसत. संध्याकाळपर्यंत त्याच्या तंबूंच्या रांगेतल्या सगळ्यांनी ओगराळी परत आणून टाकली.

ताई तंबूत येऊन बसल्या. छप्पन्न साली आईवडिलांबरोबर दीक्षा घेतलेली बाई; त्याआधी शाळेत ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलेली. "मले म्हणते गा तो... मले!" मग आमच्या माठाकडे बघून म्हणाल्या, "बरोबरच म्हणते. त्याले ओगराळं देल्लं, अन् तुम्ही सारे खुशाल पेले बुडवून राहिले!"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या माठावरही ओगराळं टांगलं गेलं. त्याच दिवशी मंत्रिमहोदय आले. छावणीत साबणाची टंचाई होती, झेंडूची नव्हती. करुणेवर भाषण करून त्यांचा घसा सुकला आणि ते पेला घेऊन थेट आमच्या माठाकडे वळले.

"साहेब, हात काढा. ओगराळं घ्या."

"बाई, माझे हात स्वच्छ आहेत."

"असतीन. तरी घ्या."

साहेबांनी घेतलं. मग त्याच ओगराळ्यानं ताई स्वतः पाणी प्यायल्या.

"मंत्री को भी?" गर्दीतून हरिपदनं विचारलं.

"सबको, दादा."

म्हातारा पहिल्यांदाच हसला, आणि पुढे येऊन त्यानं ओगराळ्यासाठी हात पसरला. संध्याकाळी सगळी रांग ओगराळी मागायला आली. हळूहळू नवे रोगी येईनासे झाले. हरिपदची नात उठून खेळू लागली. मंत्र्याच्या दौऱ्यानं कुणाचं भलं झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

परवा ताईंच्या घरी गेलो. माणसांची गर्दी होती, पाणी विचारायला त्या नव्हत्या. स्वयंपाकघरात जाऊन पेला उचलला, माठावरचं झाकण काढलं... आणि हात आपोआप ओगराळ्याच्या खिळ्याकडे गेला. बांबूचा दांडा त्यांच्या मुठीनं गुळगुळीत झालेला होता.