उन्हाळ्यात दादा प्राध्यापक नसतो

गड्यांनो, जय भीम. विहारासमोर बसून हे पत्र सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

आज दुपारी आमच्या कळंबोलीच्या खोलीवर दादाला बघायला पाहुणे आले. आपला दादा, गावातला पहिला एम.ए., इथल्या कॉलेजात शिकवतो.

मुलीच्या बापानं चहा खाली ठेवून विचारलं, "सर, नोकरी कायम ना?"

दादा खरं बोलला. "एप्रिलात काढतात, जूनमध्ये परत घेतात. सलग वर्ष भरू दिलं तर कायम करावं लागेल ना."

"मग उन्हाळ्यात खाता काय?"

दादाच्या आधीच मी म्हणालो, "मी हाय की."

पाहुणा माझ्याकडे वळला. "तू काय करतो?"

"लोखंडाच्या बाजारात माथाडी हाय."

"कायम?"

"हा."

"लग्न झालंय?"

दादा उठून बाहेर गेला. मी हात जोडले, "मामा, तसलं बोलू नका."

दादाच्या शिक्षणासाठी मी चौथीत शाळा सोडली, त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. संध्याकाळी दादाच म्हणाला, "मुलगी चांगली आहे रे. तू हो म्हण." तेव्हा वाटलं.

आपली धाकटी बहीण शांता मॅट्रिक झाली. कॉलेजात घालू का, आई विचारतेय. तिला काय कळवू?