मामाचा शेवटचा फुगा

माझा मामा वेधशाळेत फुगे सोडायचा. लोक हसायचे. पण चौतीस वर्षं रोज सकाळी माणसाहून उंच फुगा हायड्रोजनने भरायचा, त्याला तापमान आणि दाब मोजणारी पांढरी डबी बांधायची आणि आकाशात सोडायचा, हा काही पोरखेळ नाही. डबी वरून आकडे पाठवते, त्यांवर उद्याच्या हवामानाचा अंदाज बांधतात.

"आपण हवेच्या तळाशी राहतो," मामा सांगायचा. "कोरड्या हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन, एकवीस ऑक्सिजन. उरलेल्या एकात बाकीचे सगळे पोटभाडेकरू."

वर हवा विरळ होत जाते तसा फुगा फुगत जातो आणि शेवटी फुटतो. मामाचा फुगा कधी एकतीस किलोमीटरच्या वर गेला नाही. आकडे बघणाऱ्या बाईंनी एकदाच, मामाच्या रजेत, फुगा भरला आणि तो चौतीसला पोचला.

"तुमचे फुगे अजीर्णाने जातात," त्या म्हणायच्या.

खरंच होतं ते. गॅस जास्त झाला की फुगा लवकर ताणतो. फुग्याच्या गळ्याला अडकवलेलं वजन उचललं गेलं की नळ बंद, असा नियम. मामा वर आणखी थोडा द्यायचा. कळायचं, पण वळायचं नाही. घरी चहासुद्धा तो बशीत सांडेपर्यंत ओततो.

निवृत्तीच्या दिवशी मामाचा एकच फुगा सोडायचा उरला होता. मामी आणि मी बघायला गेलो. वजन उचललं गेलं, तरी मामाचा हात नळावर तसाच.

"अहो, पुरे," मामी म्हणाली.

"बिचारा इतक्या लांब जाणार."

"म्हणूनच पुरे. तुमच्या हातचं जेवून कोण जिना चढलंय आजवर?"

मामाने नळ बंद केला.

फुगा सुटला. आत बाईंच्या पडद्यावर तापमान उतरत गेलं, उणे साठ, उणे सत्तर. वीस किलोमीटरनंतर मात्र ते हळूहळू चढायला लागलं.

"ओझोन," मामा मला म्हणाला. "उन्हातले घातक किरण तो अडवतो, म्हणून तिथली हवा तापते. सगळा खाली आणून पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटर थर होईल. तेवढ्याच्या आडोशाला आपण जगतो."

एकतीस. मामा खुर्चीतून उठला. बत्तीस. तेहेतीस. चौतीसला बाईंनी आपली खुर्ची बाजूला सरकवली, म्हणजे मामाला पडदा नीट दिसावा. चौतीस पूर्णांक सहा. मग आकडे भराभर उतरायला लागले. फुगा फुटला होता.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता हा विक्रम मोडायला उद्यापासून मीच उपाशी फुगे सोडणार."

मामा इतका खूश होता की सगळ्यांना चहा त्यानेच ओतला, प्रत्येक कप काठापासून बोटभर रिकामा ठेवून.

मामीने आपल्या कपात डोकावून बघितलं.

"हे काय," ती म्हणाली, "एवढाच?"